कठीण काळात ख्रिस्तावरचा विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपून लोक पांगले की काही जण मागे रेंगाळतात आणि सभेत विचारता न येणारं हळूच विचारतात. अशाच प्रश्नांची ही उत्तरं. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा. शास्त्रातले संदर्भ दिले आहेत, ते स्वतः उघडून बघा.

विश्वासात स्थिर राहायचं म्हणजे मनात शंका येऊच द्यायची नाही का?

तसं असतं तर बायबलमधली बरीच माणसं बाद झाली असती. बाप्तिस्मा करणारा योहान बघा. यार्देनेच्या काठी त्यानेच येशूकडे बोट दाखवून 'हा पाहा, देवाचा कोकरा' म्हटलं होतं. तोच पुढे तुरुंगात पडल्यावर शिष्यांना पाठवून विचारतो, 'जो येणार आहे तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?' (मत्तय ११). प्रभूने त्याला झापलं नाही. जे पाहता आणि ऐकता ते योहानाला जाऊन सांगा, एवढंच म्हणाला, आणि निरोप घेऊन आलेले लोक वळताच जमावासमोर योहानाचं कौतुक केलं. मात्र योहान तुरुंगातून सुटला नाही, त्याचं शिर उडवलं गेलं. ही गोष्ट सांगताना आपण तो शेवट बहुतेक वेळा गाळतो.

योहानाच्या मनात शंका होती, पण ती त्याने येशूकडेच पाठवली. माझ्या समजुतीप्रमाणे स्थिर राहणं म्हणजे हेच. मार्क ९ मधला आजारी मुलाचा बाप एकाच दमात दोन्ही बोलतो: 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' त्याच्या मुलाला प्रभूने बरं केलं. आधी शंका मिटव, मग ये, असं त्याला सांगितलं नाही.

माझ्यावर आलेलं संकट ही माझ्या पापाची शिक्षा आहे का?

हा प्रश्न शिष्यांनाही पडला होता. जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाकडे बघून त्यांनी विचारलं, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, ह्यानेही केलं नाही आणि ह्याच्या आईबापानेही नाही (योहान ९). शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हाही ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं समजू नका, असं त्याने स्पष्ट बजावलं (लूक १३).

काही दुःखं आपल्याच करणीने येतात, हे खरं. दारूने घर बुडालं असेल तर कारण शोधत लांब जायला नको. पण ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. दुसऱ्याच्या आजारपणात त्याच्या पापांचा शोध घेत बसणं हा ईयोबाच्या मित्रांचा उद्योग होता, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर भडकतो (ईयोब ४२:७).

इतकी प्रार्थना केली, उपास केले, तरी उत्तर नाही. माझाच विश्वास कमी पडला का?

ज्याने तुम्हाला असं सांगितलं त्याला पौलाबद्दल विचारा. आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर मिळालं (२ करिंथ १२). तो काटा म्हणजे आजार होता, माणूस होता की मोह, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पौलाने ते सांगितलंच नाही, आणि मला ते बरंच वाटतं. कोणालाही आपला काटा तिथे ठेवता येतो. त्याच्याही आधी गेथशेमाने बागेत खुद्द पुत्राने 'हा प्याला माझ्यापासून टळून जावो' अशी प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. पुत्राचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची हिंमत कोण करील?

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आपल्याकडे मोठ्या उत्साहाने वाचला जातो. विश्वासाने राज्यं जिंकली, सिंहांची तोंडं बंद केली, वगैरे. पण पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर ओघ वळतो. इतर काहींचे हाल झाले, काहींना करवतीने चिरलं, काही मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकले. दोन्ही गट एकाच यादीत आहेत, आणि दुसऱ्या गटाचा विश्वास कमी होता असं लिहिणारा कुठेही म्हणत नाही. भट्टीसमोर उभे असलेले शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं, तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही (दानीएल ३:१७-१८). त्या 'नाही सोडवलं तरी'वर प्रवचनं फार कमी ऐकायला मिळतात.

जाता जाता: 'अमुक रक्कम बी म्हणून पेरा, म्हणजे चमत्कार होईल' असं सांगणारा कोणी भेटला तर पाकीट खिशातच राहू द्या. अडलेल्या माणसाकडून असे पैसे घेणाऱ्याला मी तरी सेवक म्हणणार नाही.

देवावर रागावलं, त्याला जाब विचारला, तर पाप लागतं का?

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, आणि त्यांतला मोठा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं, पण त्यात पहिल्या दोन वचनांतच 'कोठवर?' चारदा येतं. आपल्या गाण्यांच्या वह्यांमध्ये गाऱ्हाण्याची गाणी किती, ते मोजून बघा. आनंदाच्या गाण्यांनी वही भरलेली असते, आणि मग ज्याचं लेकरू महिन्यापूर्वी गेलं तो मागच्या बाकावर ओठ मिटून बसतो. त्याला वाटतं, आपलं काहीतरी बिघडलंय.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर एकदा मुद्दाम वाचाच. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' अशी वळतात. हे वळत नाही. सोबती दुरावले, आणि उरला तो अंधार, तिथेच ते थांबतं. ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं, त्यांनी हे स्तोत्र गाळलं नाही की त्याला गोड शेवट जोडला नाही. आणि अख्खं स्तोत्र देवालाच उद्देशून आहे. ज्याने देवाचा नाद सोडलाय तो पहाटे उठून त्याच्याशी भांडत बसत नाही.

वधस्तंभावर येशूने 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असा टाहो फोडला. ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर असंच एखादं स्तोत्र उघडून मोठ्याने वाचा, आवाज चढला तरी चालेल.

प्रार्थनेला बसलो की काहीच जाणवत नाही. सगळं कोरडं. आधी असं नव्हतं.

ही तक्रार फार जुनी आहे. मदर तेरेसा यांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, प्रकाशित झाली, तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसला. देव जवळ आहे असं त्यांना कित्येक दशकं जाणवतच नव्हतं. त्या काळातही त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या आणि रस्त्यावरून मरणासन्न माणसं उचलून आणत होत्या. काहींनी ह्याला ढोंग म्हटलं. मला मात्र त्यांच्याविषयीचा आदर ती पत्रं वाचून वाढला. जाणवतंय म्हणून प्रार्थना करणं कोणालाही जमतं.

व्यवहारात एवढं करा. लांबलचक, स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना काही काळ बाजूला ठेवली तरी चालेल. प्रभूची प्रार्थना म्हणा. 'हे प्रभो, मजवर दया कर' एवढंच म्हणा. वेळ ठरलेली ठेवा आणि ती छोटी ठेवा. तेही जमेना तर मंडळीतल्या दोघांना सांगा की सध्या माझ्या वतीने तुम्ही प्रार्थना करा. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून, छप्पर उसकटून प्रभूपुढे सोडलं, तेव्हा प्रभूने 'त्यांचा विश्वास पाहून' त्या माणसाला क्षमा केली (मार्क २:५). बाजेवरचा माणूस एक शब्दही बोललेला नव्हता.

निराशेसाठी डॉक्टरकडे जाणं, गोळ्या घेणं, हा अविश्वास नाही का?

नाही. एलिया संदेष्ट्याची गोष्ट वाचा (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला, आणि त्यानंतर लगेच तो जीव मुठीत धरून रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला काय दिलं? आधी झोप. मग दूताने त्याला हलवून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची कुपी होती. तो जेवला, परत झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा खायला घातलं, म्हणाला, वाट तुला झेपणार नाही. होरेब डोंगरावर देवाची भेट, वारा, भूकंप, अग्नी आणि तो मंद वाणीचा आवाज, हे सगळं नंतर आलं. त्याआधी त्याच्या विश्वासावर प्रवचन कोणीही झोडलं नाही.

आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरला दाखवा आणि सोबत प्रार्थनाही चालू ठेवा. जीव द्यावा असे विचार येत असतील तर आजच, आत्ताच, जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि वैद्यकीय मदत घ्या. आणि पाळक असाल तर अशा माणसाला नुसता हात डोक्यावर ठेवून घरी पाठवू नका. त्याच्यासोबत दवाखान्यात जा.

विश्वासामुळे घरचे बोलत नाहीत, कामावर टोमणे, कधी धमक्याही. टिकून राहावं की निघून जावं?

आधी एक नको असलेली गोष्ट सांगतो. आपल्याला होणारा प्रत्येक विरोध ख्रिस्ताच्या नावासाठी नसतो. पेत्र म्हणतो, खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये (१ पेत्र ४:१५). ढवळाढवळ करणाऱ्याला त्याने खुन्याच्याच रांगेत उभं केलंय. आपण कामचुकार असू, दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करत असू, तर लोक चिडणारच, आणि त्याला छळ म्हणता येत नाही.

पण छळ खरोखर असेल तर? एका गावात तुमचा छळ झाला तर दुसऱ्यात पळून जा, हे प्रभूचेच शब्द आहेत (मत्तय १०:२३). पौलाला दिमिष्काच्या तटावरून पाटीत बसवून खाली सोडलं होतं. फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं आणि पुढे थेट कैसराकडे न्याय मागितला. कायद्याने मिळणारं संरक्षण मागण्यात कमीपणा कसला? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाले किंवा पळाले. सुमारे सतरा वर्षं त्यांनी बाहेर काढली, आणि पळपुटे म्हणणाऱ्यांना लेखी उत्तरही दिलं.

स्मुर्णाचे बिशप पॉलिकार्प यांची आठवण मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपण तिचा शेवटच तेवढा सांगतो. दुसऱ्या शतकाच्या मध्यावरची ही घटना. ख्रिस्ताची निंदा कर म्हणजे सोडतो, असं सांगितल्यावर ते म्हणाले, ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, माझ्या राजाची निंदा मी कशी करू? हे सर्वांना पाठ असतं. पण त्याआधी लोकांच्या आग्रहावरून ते शहराबाहेर एका मळ्यावर जाऊन राहिले होते, तिथून दुसऱ्या मळ्यावर गेले. शेवटी शिपाई दारात आले तेव्हा त्यांनी त्यांना जेवू घालायला सांगितलं आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. स्मुर्णाच्या मंडळीने ह्या घटनेविषयी लिहिलेल्या पत्रात क्विंटस नावाच्या माणसाचीही हकीकत आहे. हा आपणहून पकडून घ्यायला पुढे धावला, दुसऱ्यांनाही चिथावलं, आणि श्वापदं दिसताच गळपटला. मंडळीने लिहून ठेवलं की आपण होऊन पुढे जाणाऱ्यांची आम्ही वाहवा करत नाही.

तेव्हा राहणं आणि जाणं, दोन्हींना आधार आहे. निर्णय एकट्याने घेऊ नका, आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांचा विचार आधी करा.

भीतीपोटी मी लोकांसमोर येशूला नाकारलं. आता परत यायला तोंड आहे का?

पेत्राने तीनदा नाकारलं, तेही एका दासीसमोर, आणि शपथा वाहून. योहानाच्या शुभवर्तमानात बघा, त्या रात्री थंडी होती, आणि पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. पुन्हा उठल्यानंतर प्रभू समुद्रकिनारी शिष्यांची वाट बघतो, तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला असतो. त्यावर मासळी असते आणि भाकर. आधी 'या, न्याहारी करा' म्हणतो. जेवणं झाल्यावर मग तीनदा विचारतो, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' आणि प्रत्येक वेळी काम सोपवतो. विशेष म्हणजे पेत्र पडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि 'तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे' हे त्याने नाकारण्याच्या आधीच सांगून ठेवलं होतं (लूक २२:३२). पेत्राची पकड सुटली तेव्हाही ती विनंती चालू होती.

हा प्रश्न मंडळीपुढे मोठ्या प्रमाणावर आला तो इसवी सन २५० च्या सुमारास. सम्राट डेशियसने फर्मान काढलं की प्रत्येकाने अधिकाऱ्यांसमोर देवतांना बळी वाहून दाखला घ्यावा. असे काही दाखले आजही शिल्लक आहेत, इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेले. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिले, काहींनी चिरीमिरी देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे दारात येऊन उभे राहिले. रोममधल्या नोव्हेशियनचा गट म्हणाला, ह्यांना पुन्हा घ्यायचं नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि त्यांच्यासोबतचे इतर बिशप म्हणाले, पश्चात्तापाचा काळ जाऊ द्या, पण दार बंद करू नका. मंडळीने दुसरी वाट धरली. हे सिप्रियन स्वतः डेशियसच्या छळात लपून राहिले होते आणि त्यावरून त्यांना बोलणी खावी लागली होती. पुढे २५८ साली, दुसऱ्या छळात, त्यांनी प्राण दिले.

तेव्हा या. पाळकाजवळ किंवा एखाद्या मुरलेल्या विश्वासू माणसाजवळ कबूल करा, आणि प्रभुभोजनाला पुन्हा बसा.

नवरा मारहाण करतो. मंडळीत सांगतात, 'हा तुझा वधस्तंभ आहे, उचल.'

चुकीचं सांगतात. मार खाणं हा कोणाही बाईचा वधस्तंभ नाही. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसांना सांगा, पोलिसांची मदत घ्या. क्षमेचा विचार सुरक्षित झाल्यावर करता येईल, आणि क्षमा केली म्हणजे परत त्याच घरात राहायला गेलंच पाहिजे असं शास्त्र सांगत नाही.

मंडळीनेच दुखावलं. घरी बसून विश्वास ठेवला तर चालणार नाही का?

काही काळ, चालेल. भळभळती जखम घेऊन रोज त्याच बाकावर बसायची सक्ती कोणी करू नये. १५७७ साली स्पेनमधले संन्यासी क्रूसभक्त योहान (जॉन ऑफ द क्रॉस) यांना त्यांच्याच संन्यासी संघाच्या बंधूंनी पकडून टोलेडोमध्ये एका कोंदट खोलीत कोंडलं होतं. जवळजवळ नऊ महिने ते तिथे होते, नंतर पळून सुटले. त्या खोलीत त्यांनी कविता रचल्या, आणि सुटल्यावर पुन्हा संघातच सुधारणेचं काम केलं. हे सगळ्यांना जमेल असं नाही.

मात्र कायमचं एकटं राहू नका. इब्री लोकांस पत्र एकत्र मिळणं सोडू नका म्हणतं (१०:२५), ते छळ सोसलेल्या, दमलेल्या लोकांना उद्देशून. मंडळी बदलावी लागली तर बदला. दोघातिघांचा प्रार्थनेचा गट मिळाला तर तिथून सुरुवात करा. पैशाची अफरातफर किंवा लैंगिक अत्याचार घडला असेल तर 'मंडळीची बदनामी नको' म्हणून झाकून ठेवू नका.

माझ्या मैत्रिणीचं माणूस गेलंय. तिचा विश्वास डळमळलाय. तिला काय बोलू?

कमी बोला. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. 'देवाला फुलं आवडतात', 'ह्यातूनही काही चांगलंच होणार' हे पहिल्या आठवड्यात कोणालाही ऐकवू नका. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाच्या ठरतात, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन खरं आहे, पण ते दुसऱ्याच्या तोंडावर फेकण्यासाठी लिहिलेलं नाही. त्याच पत्रात, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असंही आहे. लाजाराला आपण उठवणार हे माहीत असूनही येशू कबरेपाशी रडला.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच पती. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी त्यानंतरही खाली ठेवलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. पण ही हकीकत मैत्रिणीला आत्ताच 'बघ, त्यांनी कसं सोसलं' म्हणून सांगू नका. तिच्या घरी जा, भांडी घासा, मुलांना शाळेत सोडा. तीन महिन्यांनी, सगळे यायचे थांबतात तेव्हा, पुन्हा जा. गेलेल्या माणसाचं नाव तुम्हीच काढा.

बायबल उघडावंसंच वाटत नाही. कुठून सुरू करू?

वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचा तक्ता सध्या बाजूला ठेवा. दुसऱ्या महिन्यात लेवीयमध्ये अडकलात की अपराधी वाटण्याला आणखी एक कारण मिळेल. मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, सगळं भराभर घडतं. सकाळी एक घटना वाचली तरी पुरे. रात्री एखादं स्तोत्र: १३, ४२, ७७, १३०. वाचणंही जड जात असेल तर ऐका. मराठी बायबलचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर मिळतं. विलापगीताचा तिसरा अध्याय जरा थांबून, पहिल्या वचनापासून वाचा. 'त्याची करुणा रोज सकाळी नवी होते' हे भिंतीवर टांगलेलं वचन त्यातलंच, पण त्याच्या आधीच्या वीस वचनांत लिहिणारा काय काय सोसून आलाय ते त्या पाटीवर नसतं.